भारत आणि ब्रिटन: वीज कशावर बनते आणि ते कसं बदललं? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना मी फळ्यावर दोन आलेख शेजारी-शेजारी लावतो. एक भारताचा, एक ब्रिटनचा. कोणत्या वर्षी किती वीज कोळशावर, पाण्यावर, वायूवर, वाऱ्यावर, उन्हावर बनली, एवढंच त्यात असतं. प्रश्न मात्र मुलांचेच येतात असं नाही. पूर्व भागातले यंत्रमागवाले विचारतात, मोहोळ-पंढरपूरकडचे ऊसवाले विचारतात, संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे निवृत्त मास्तर तर विचारतातच. तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

तुलनेला ब्रिटनच का? चीन किंवा जर्मनी का नाही?

कारण १९९०. त्या एका वर्षी हे दोन देश विजेच्या बाबतीत जवळजवळ जुळे होते. ब्रिटनची वर्षाची वीजनिर्मिती साधारण ३२० अब्ज युनिट, आपली २९० च्या घरात. त्यातला कोळशाचा वाटा दोन्हीकडे ६५ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यात ब्रिटनकडे अणुवीज आणि थोडं तेल होतं, आपल्याकडे धरणं होती.

आता २०२४ बघा. ब्रिटनमध्ये कोळसा एक टक्क्याच्या आत आला आणि ३० सप्टेंबर २०२४ ला तोही संपला. त्या दिवशी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे त्यांचं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. आपल्याकडे त्याच वर्षी कोळशाचा वाटा ७५ टक्क्यांच्या आसपास होता. एकाच ठिकाणाहून निघालेले दोघे इतके लांब गेले, म्हणून ही जोडी शिकवायला चांगली. चीनची गोष्ट मोठी आहे, पण तिथे सगळंच इतकं अवाढव्य आहे की आलेखात बाकी काही दिसत नाही.

म्हणजे ब्रिटन पुढे गेला आणि आपण मागे राहिलो, असंच ना?

थांबा. वर मी फक्त टक्केवारी सांगितली. आता युनिट बघा. ब्रिटनची एकूण निर्मिती २००५ च्या सुमाराला ४०० अब्ज युनिटांच्या जवळ गेली आणि तिथून उतरत उतरत २०२४ मध्ये २८५ च्या आसपास आली. म्हणजे १९९० पेक्षाही कमी. आपली २९० वरून २,००० अब्ज युनिटांच्या वर गेली. सातपट.

मला वाटतं या सगळ्या चर्चेतली कळीची गोष्ट ही आहे, आणि नेमकी तीच टक्केवारीच्या आलेखात दिसत नाही. वापर वाढतच नसेल तर नवीन आलेलं प्रत्येक युनिट जुन्याच्या जागी बसतं. समुद्रात एक पवनचक्की उभी राहिली की कुठेतरी तेवढा कोळसा कमी जळतो. वापर वर्षाला पाच-सहा टक्क्यांनी वाढत असेल तर नवीन युनिट वाढीतच खपतं आणि जुनं आहे तिथेच राहतं.

आणि ही वाढ चैनीची नव्हती. १९९१ च्या जनगणनेत देशातल्या ४२ टक्केच घरांत वीज होती. बाकीच्या घरांत रॉकेलचा दिवा. आज ती घरं जोडली गेली, तरी माणशी वापर वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास आहे. ब्रिटनचा वापर उतरूनही त्याच्या तिप्पट आहे.

ब्रिटननं कोळसा सोडला कसा? एका झटक्यात?

नाही, दोन टप्प्यांत. आणि पहिल्या टप्प्याचा हवामानबदलाशी फारसा संबंधच नव्हता.

जगातलं पहिलं सार्वजनिक कोळसा वीजकेंद्र लंडनमध्ये होल्बर्न व्हायाडक्टला १८८२ साली सुरू झालं. तेव्हापासून शंभर वर्षं कोळसा हाच तिथला राजा. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुराचं धुकं बसलं, हजारो माणसं दगावली, १९५६ मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा आला. पण त्यानं घरातल्या शेगड्या बदलल्या, वीजकेंद्रांतला कोळसा तसाच राहिला. १९७४ च्या जानेवारी ते मार्चमध्ये, तेलटंचाई आणि खाणकामगारांचं आंदोलन एकत्र आल्यावर, तिथल्या उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती. लोडशेडिंगच्या दिवसांत माग बंद ठेवून बसलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे १९८४-८५ चा खाणकामगारांचा मोठा संप झाला. तो मोडला गेला आणि कोळशामागची राजकीय ताकदही मोडली.

मग १९८९ च्या कायद्यानं वीजक्षेत्र खासगी झालं. नव्या कंपन्यांना लवकर उभं राहणारं, स्वस्त केंद्र हवं होतं. उत्तर समुद्रात वायू होता. वीजकेंद्रात वायू जाळण्यावर युरोपात असलेलं बंधन १९९१ मध्ये उठलं. झालं, सगळे वायूवर तुटून पडले. १९९० मध्ये वायूचा वाटा एक-दोन टक्के होता, २००० मध्ये तो ४० टक्क्यांच्या जवळ गेला. हा पहिला टप्पा, निव्वळ पैशाच्या हिशोबाचा.

दुसरा टप्पा मात्र धोरणाचा. २०१२ मध्येही कोळसा ३९ टक्क्यांवर होता. २०१३ मध्ये सरकारनं कार्बनला किमान किंमत लावली आणि २०१५ मध्ये हा कर टनाला १८ पौंडांवर नेला. शिवाय युरोपीय प्रदूषण नियमांमुळे जुन्या केंद्रांना २०१५ अखेरपर्यंत गाशा गुंडाळायचा होता. २०१५ मध्ये कोळसा २२ टक्के, २०१६ मध्ये ९. एका वर्षात एवढी घसरण मी दुसऱ्या कुठल्या आलेखात दाखवू शकत नाही. मुलं दर वेळी विचारतात, सर, इथे छपाईची चूक आहे का? २१ एप्रिल २०१७ ला १८८२ नंतरचा पहिला पूर्ण दिवस कोळशाशिवाय गेला.

मग आपणही कर लावून वायूकडे का गेलो नाही?

दोन्ही करून पाहिलं, आपापल्या परीनं.

कर आधी. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला. वाढत वाढत २०१६ मध्ये तो ४०० रुपये झाला आणि २०१७ मध्ये जीएसटीच्या भरपाई उपकरात विरघळला. ४०० रुपये ऐकायला मोठे वाटतात. पण ते टनभर कोळशावर होते आणि ब्रिटनचे १८ पौंड टनभर कार्बन डायऑक्साइडवर. टनभर देशी कोळशातून अंदाजे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तसा हिशोब मांडला तर त्या वेळी ब्रिटनचा कर आपल्या पाच-सहा पट पडायचा. शिवाय कर लावून उपयोग तेव्हा, जेव्हा शेजारी दुसरं केंद्र तयार उभं असतं. ब्रिटनमध्ये कोळसा महाग झाला त्या रात्री वायूची केंद्रं आधीच उभी होती, त्यांनी भार उचलला. आपल्याकडे तो भार उचलणार कोण?

वायूची कथा जरा दुःखी आहे. दाभोळचं एन्रॉन कंपनीचं वीजकेंद्र आपल्या पिढीला आठवतं. १९९९ मध्ये सुरू, दराच्या भांडणात २००१ मध्ये बंद. नंतर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातून २००९ मध्ये वायू यायला लागला. आता वायूच वायू, असा माहोल होता. त्या भरवशावर केंद्रं बांधली गेली आणि दोन-तीन वर्षांत उत्पादन कोसळलं. २०१० च्या सुमाराला वायूचा वाटा १२ टक्क्यांपर्यंत गेला होता, आता तो दोन-तीन टक्के आहे. वीस-पंचवीस हजार मेगावॅटची केंद्रं वर्षातला बराच काळ नुसती उभी असतात. परदेशातून द्रवरूप वायू आणून वीज करता येते, पण ती वीज घेणारा दर ऐकून फोन ठेवतो.

परवा पेपरात होतं: देशातली निम्मी वीज आता कोळशाशिवाय. तुम्ही ७५ टक्के कोळसा म्हणता. खरं कोणाचं?

दोन्ही आकडे खरे, पण पेपरचा मथळा चुकलेला. जून २०२५ मध्ये निम्म्याच्या वर गेली ती कोळसा, वायू, तेल सोडून बाकीच्यांची स्थापित क्षमता. वीज नव्हे.

शेडमध्ये बसवलेले माग आणि दिवसअखेर निघालेल्या चादरी यांत जो फरक, तोच हा. माग किती यावरून कापड ठरत नाही, किती तास चालले यावरून ठरतं. कोळशाचं केंद्र देशात सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास चालतं. सौर प्रकल्प वर्षभराचा हिशोब धरला तर २० टक्क्यांच्या आसपास, कारण रात्र आहे, ढग आहेत. म्हणून १,३२० मेगावॅट कोळसा दिवसाला सव्वादोन कोटी युनिट देतो आणि तेवढ्याच मेगावॅटचं सौर ६३ लाख.

क्षमतेचा आलेख कुणी निर्मितीचा म्हणून पुढे पाठवला, की समजा तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा आहे.

१,३२० हा आकडा तुम्ही आपल्या एनटीपीसीचाच घेतलात ना?

हो, मुद्दामच. एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीचं दक्षिण सोलापुरातलं फताटेवाडी-आहेरवाडीचं केंद्र, ६६० मेगावॅटचे दोन संच. पहिला २०१७ मध्ये व्यापारी पातळीवर सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये. म्हणजे ब्रिटन कोळशाशिवायचा पहिला दिवस मोजत होता त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात कोळशाचा पहिला मोठा संच सुरू होत होता. वर्गात हे सांगितलं की क्षणभर शांतता होते.

केंद्र जवळून समजून घ्यायचं तर कागद-पेन्सिल पुरते. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालले तर ३ कोटी १६ लाख ८० हजार युनिट. एका युनिटला देशी कोळसा साधारण ६०० ते ७०० ग्रॅम. म्हणजे दिवसाला १९ ते २२ हजार टन. मालगाडीची एक रेक साधारण चार हजार टनांची. दिवसाला पाच रेक! जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही, सगळा माल शेकडो किलोमीटरवरून येतो. वाहतुकीचा खर्च युनिटच्या दरात चढतो, आणि स्वस्तातली वीज आधी घ्यायची हा नियम असल्यानं खाणीपासून लांबच्या केंद्राला ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्यात, नंबर उशिरा लागतो.

आणि पाणी. ते उजनीचं. अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारनं घालून दिलेली मर्यादा मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, ३ ते साडेतीन घनमीटर आहे. त्या मर्यादेनं मोजलं तर पूर्ण क्षमतेच्या एका दिवसाला साडेनऊ ते अकरा कोटी लिटर. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी बघणाऱ्या माणसाला हा आकडा टोचतो, आणि टोचावाच.

आता शेजारी ब्रिटनचं हॉर्नसी-२ ठेवा. यॉर्कशायरच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात १६५ पवनचक्क्या, २०२२ मध्ये पूर्ण. क्षमता साधारण १,३०० मेगावॅट, म्हणजे आपल्या केंद्राएवढीच. ना रेक, ना पाणी. फक्त वारा पडला की तीही गप्प.

आपल्याकडे पूर्वी पाण्यावर भरपूर वीज व्हायची म्हणतात. ती कुठे गेली?

कुठेही गेली नाही. १९७०-७१ मध्ये देशातली ४० टक्क्यांहून जास्त वीज पाण्यावर बनत होती. खोपोलीचं जलविद्युत केंद्र तर १९१५ चं, मुंबईच्या गिरण्यांसाठी बांधलेलं. कोयना १९६२ पासून. आज पाण्याचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास आहे. पण युनिटांत मोजलं तर जलविद्युत तेव्हाच्या पाचपटीहून जास्त आहे. बाकी सगळं त्याहून वेगानं वाढलं, एवढंच.

अणुवीज?

तारापूर १९६९ पासून चालू आहे, तरी देशात वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. ब्रिटननं १९५६ मध्ये कॅल्डर हॉल सुरू केलं, नव्वदच्या दशकात वाटा २५ टक्क्यांच्या वर नेला, आता जुनी केंद्रं बंद होत होत तो १४ वर आलाय.

ब्रिटनची वीज आता खरोखर स्वच्छ झाली का? की नुसता दिखावा?

दिखावा नाही, पण आलेखातले दोन पट्टे मी मुलांना बोट ठेवून दाखवतो.

पहिला वायूचा. २०२४ मध्ये वारा आणि वायू दोन्ही ३० टक्क्यांच्या आसपास होते. वायू कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन सोडतो, शून्य नाही.

दुसरा पट्टा जैवइंधनाचा, १३-१४ टक्के. त्यातला मोठा भाग यॉर्कशायरच्या ड्रॅक्स केंद्राचा. पूर्वी तिथे कोळसा जळायचा, आता लाकडाच्या गोळ्या जळतात, त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेतून जहाजानं येतात. हिशोबात हे नवीकरणीय धरतात. तिथले पर्यावरणवाले त्यावर कडकडून भांडतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. तोडलेलं झाड पुन्हा वाढायला दशकं लागतात. उलट आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने गाळपाच्या हंगामात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वीज करतात. ऊस दरवर्षी येतो, बगॅस कारखान्यातच निघतो, त्याला जहाज लागत नाही. उसाच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, तो इथे काढत नाही. पण जागतिक आकडेवारीत ड्रॅक्सचं लाकूड आणि आपलं बगॅस एकाच रंगात रंगवलेलं असतं.

शिवाय ब्रिटन फ्रान्स, नॉर्वे वगैरे देशांकडून समुद्राखालच्या केबलनं वीज विकत घेतो. ती निर्मितीच्या आलेखात येतच नाही. आणि तिथले कारखाने कमी झाले, माल बाहेरून यायला लागला. तो माल जिथे बनतो तिथला कोळसा तिथल्या आलेखात दिसतो.

सोलापूरएवढं ऊन कुठे आहे? मग सगळं सौर का नाही?

ऊन आहे, यात वाद नाही. पण जास्त उष्मा म्हणजे जास्त वीज, हा गैरसमज काढून टाका. पॅनेलला उजेड हवा, ताप नको. २५ अंशांच्या वर पॅनेलचं तापमान जसं चढतं तसं प्रत्येक अंशाला उत्पादन ०.३ ते ०.४ टक्के घटतं. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना गच्चीवरच्या पॅनेलची काच ६५ पर्यंत जाते, म्हणजे १२ ते १६ टक्के तिथेच गेले. त्यात धूळ. आठवड्याला एक हात पाण्याचा मारला तर फरक मीटरवर दिसतो.

खरी अडचण संध्याकाळची. सूर्य मावळतो त्याच वेळी दिवे, पंखे, कूलर लागतात. म्हणून दिवसा सौर कितीही वाढलं तरी संध्याकाळसाठी कोळसा गरम ठेवावा लागतो. तोडगे दोन: वीज साठवा, नाहीतर वापर दिवसा आणा. दुसरा स्वस्त आहे आणि आपल्याकडे चालू झालाय. शेतीपंपांना सौर फीडरवरून, म्हणजे सौर प्रकल्पाला जोडलेल्या वाहिनीवरून, दिवसा वीज मिळू लागली, तर रात्री टॉर्च घेऊन रानात जायचं टळतं आणि ग्रिडचंही काम होतं. उद्योगांच्या दरातही पूर्वी रात्रीच्या वापराला सूट असायची, आता सवलतीचा कल दिवसाकडे वळतोय. ज्यांच्या शेडमध्ये रात्रपाळी मोठी आहे त्यांनी बिलातला वेळेनुसार वापराचा तक्ता एकदा नीट वाचावा.

पवनचक्क्या?

साताऱ्यात वनकुसवड्याचं पठार आहे, तिथे वारा आहे. ब्रिटनकडे उथळ आणि वादळी उत्तर समुद्र आहे. तो आपल्याला कोण देणार? आपल्याकडे वारा मुख्यतः पावसाळ्यात वाहतो, सौर नेमकं तेव्हाच ढगांखाली असतं. त्यामुळे दोन्हींची जोडी जमते, हेही थोडकं नाही.

या सगळ्यात सोलापूरचं नाव कुठे येतं का?

येतं, आणि ते फार कमी जणांना ठाऊक असतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची (७६५ हजार व्होल्टची) वाहिनी जोडली गेली. त्याआधी दक्षिणेचं ग्रिड बाकी देशापासून वेगळं चालायचं. या वाहिनीनं ते एकतालात आलं आणि देशभर एकच ग्रिड झालं. तमिळनाडूचा वारा आणि छत्तीसगडचा कोळसा एकाच जाळ्यात आले तो सांधा आपल्या दारात आहे.

मला असा आलेख स्वतः काढायचा आहे. काय सांभाळू?

भारताचे आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडून घ्या, ब्रिटनचे त्यांच्या सरकारच्या वार्षिक ऊर्जा आकडेवारीतून. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, हे समासात लिहून ठेवा. आपल्याकडे कारखान्यांची स्वतःपुरती वीज वेगळ्या तक्त्यात असते. ती धरली की नाही यावर एकूण आकडा बराच हलतो. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

प्रत्येक देशाचे दोन आलेख काढा, एक टक्क्यांत आणि एक युनिटांत. युनिटांच्या आलेखात दोन्ही देशांना उभी पट्टी एकच ठेवा, नाहीतर २८५ आणि २,००० एकाच उंचीचे दिसतील. सुरुवात १९९० पासून केलीत तर जुळे देश दिसतील. १९७० पासून केलीत तर आपली धरणं दिसतील. २०१२ पासून केलीत तर ब्रिटन हिरो दिसेल आणि आपण जागच्या जागी. कुणाचाही आलेख हातात आला की आधी डावीकडचं पहिलं वर्ष बघा आणि विचारा, हेच का निवडलं.